रोज रात्री जेवायला दहा का वाजतात: सातनंतरच्या स्वयंपाकातील नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

नोकरीवरून घरी पोहोचायला सात-साडेसात वाजतात, मुलांना नऊच्या आत जेवायला हवे असते, आणि तरीही ताटात रोजच्या पोळी-भाजीखेरीज मन लावून केलेला एखादा पदार्थ असावा असे वाटते, अशा घरांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. मसालेभात, भरली वांगी, अंड्याचा रस्सा किंवा कोळंबीचे कालवण करायला घेतले की पाने मांडायला दहा वाजतात, आणि एवढे करूनही रस्सा कच्चट लागतो, भाताचा गिचका होतो, नाहीतर कुकरचा तळ करपतो. तोच माणूस त्याच ओट्यावर, त्याच पाककृतीवरून, रविवारी हाच पदार्थ उत्तम करतो. तेव्हा दोष हाताला नाही आणि पाककृतीलाही नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

माझ्या मते दोष कामांच्या मांडणीत आहे. स्वयंपाकातली काही कामे वेळ मागतात आणि काही कामे लक्ष मागतात. कांदा भाजणे, डाळ भिजणे, वाटण करणे आणि भाताची वाफ जिरणे ही वेळ मागणारी कामे आहेत, आणि आच वाढवल्याने ती लवकर होत नाहीत, फक्त बिघडतात. फोडणी करणे, मसाला परतणे, मीठ-आंबट-गोडाचा मेळ जमवणे आणि पदार्थ नेमक्या क्षणी आचेवरून उतरवणे ही लक्ष मागणारी कामे आहेत, आणि ती मोजक्या मिनिटांत होतात. आठवड्याच्या दिवशी आपण दोन्ही प्रकारची कामे एकाच तासात कोंबतो, वेळ मागणाऱ्या कामांवर आच वाढवतो आणि त्या गडबडीत लक्ष मागणाऱ्या कामांकडे दुर्लक्ष करतो. खाली दिलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच ठिकाणी सापडते.

वाटणाचा रस्सा कच्चट किंवा कडवट लागतो

ही सर्वांत मोठी तक्रार आहे आणि सर्वाधिक वेळही हिच्यातच जातो, म्हणून हिच्याकडे सविस्तर पाहू.

कांद्यामध्ये सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. हे पाणी निघून जाईपर्यंत कढईतल्या कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जाऊ शकत नाही. भाजलेल्या कांद्याचा तांबूस रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक प्रक्रियेमुळे येतो, ती लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. तिला चांगला वेग येतो तो साधारण १४० अंशांच्या आसपास. म्हणजे कांदा भाजण्यातली सुरुवातीची सगळी मिनिटे केवळ पाणी घालवण्यात जातात, आणि ती टाळता येत नाहीत. पाककृतींमध्ये मात्र ‘कांदा पाच मिनिटे परतून घ्यावा’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. चार माणसांच्या रश्श्याला लागणारे तीन-चार मोठे कांदे मध्यम आचेवर खरोखर तांबूस व्हायला पंचवीस मिनिटे सहज लागतात. घाईने आच मोठी केली की उभ्या चिरलेल्या कांद्याच्या कडा काळ्या पडतात आणि आतला भाग पांढराच राहतो, आणि अशा वाटणाचा रस्सा एकाच वेळी कडवटही लागतो आणि कच्चटही. वरून कितीही मसाला घातला तरी तो दोष झाकला जात नाही.

यावर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे हे काम आठवड्याच्या दिवसांतून पूर्णपणे काढून टाकणे. सुट्टीच्या दिवशी एक किलो कांदा उभा, पातळ आणि शक्य तितका एकसारखा चिरावा. जाड बुडाच्या कढईत चार मोठे चमचे तेल तापवून त्यात तो घालावा आणि लगेच अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे. मिठामुळे कांद्याचे पाणी लवकर सुटते. सुरुवातीला कढईतून भरपूर वाफ येते आणि चर्र असा आवाज चालू असतो. या काळात मधूनमधून हलवणे पुरेसे असते आणि त्या वेळात इतर निवडणे-चिरणे करता येते. काही वेळाने वाफ कमी होते, तो आवाज बारीक होतो आणि कांदा कढईच्या बुडाला हलकासा चिकटू लागतो. इथून पुढे मात्र कढईपासून हलू नये, कारण पाणी संपलेले असते आणि रंग भराभर चढतो. बुडाला लागलेला तांबूस थर चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्यावा, कारण चव त्यातच असते.

सुके खोबरे नेहमी वेगळे भाजावे. त्यात निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असतो, त्यामुळे किसलेले खोबरे मंद आचेवरही दोन-तीन मिनिटांत रंग धरते. कांद्याबरोबर घातले तर कांदा होईपर्यंत ते जळून जाते. किलोभर कांद्याला पाव किलो खोबरे, दोन गड्डे लसूण आणि दोन बोटे आले हे प्रमाण चांगले जमते. खोबरे बदामी झाले की लगेच ताटात काढावे, कारण गॅस बंद केल्यावरही कढईच्या उष्णतेने ते आणखी भाजले जाते. सगळे पूर्ण गार झाल्यावर कमीत कमी पाणी घालून वाटावे. भाजलेले जिन्नस गरम असतानाच बंद भांड्यात फिरवले की वाफेने मिक्सरचे झाकण उडते आणि हात-तोंड भाजण्याचा धोका असतो, म्हणून इथे घाई मुळीच करू नये. हे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावे आणि घट्ट झाल्यावर वड्या काढून पिशवीत बांधून फ्रीझरमध्येच ठेवाव्यात. एक वडी साधारण एका मोठ्या चमच्याएवढी भरते, त्यामुळे चार माणसांच्या रश्श्याला किती घ्यायच्या याचा अंदाज एकदा आला की पुढे मोजमापाची गरज राहत नाही. महिनाभर तरी चव टिकते.

एक सूचना इथेच देणे आवश्यक वाटते. वेळ वाचवण्यासाठी सोललेला किंवा ठेचलेला लसूण तेलात बुडवून बाटलीत भरून ओट्यावर ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ती धोकादायक आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणाला पुरेसा आंबटपणा नसतो, आणि अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, ज्याचा वास किंवा चव ओळखता येईलच असे नाही. लसणाची पेस्टही फ्रीझरमध्येच ठेवावी.

संध्याकाळी कढईत तेल तापवून आच कमी करावी आणि वड्या घालाव्यात. कडकडीत तेलात गोठलेले वाटण टाकले तर ते तडतडून अंगावर उडते. वाटण सैल झाले की हळद, तिखट आणि मसाला घालून कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटे, सतत परतावे. हे लक्ष मागणारे काम आहे आणि दिवसभराचा सगळा वाचवलेला वेळ इथे खर्च करावा. त्यानंतर दुसऱ्या शेगडीवर तयार असलेले आधणाचे पाणी ओतून आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. उकडलेली अंडी, वाफवलेला फ्लॉवर-बटाटा किंवा मोड आलेली शिजवलेली मटकी, जे हाताशी असेल ते यात घातले की पाहुण्यांपुढे ठेवता येईल असा रस्सा अर्ध्या तासात होतो.

ज्या दिवशी फ्रीझरमध्ये वाटण नसेल त्या दिवशी भाजलेल्या वाटणाचा रस्सा करूच नये. त्याऐवजी कोकणी पद्धतीचे कालवण करावे, कारण त्याच्या वाटणाला ओले खोबरे, धने, सुक्या मिरच्या आणि हळद लागते, आणि यातले काहीही भाजावे लागत नाही. घाईच्या दिवशी कोणत्या प्रांताची पद्धत निवडायची हा प्रश्न माझ्या मते फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचा विचार आपण क्वचितच करतो.

रश्श्यावर तर्री येत नाही

मिरचीचा लाल रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही, तो तेलात उतरतो. उकळत्या रश्श्यात वरून तिखट टाकले तर रस्सा तिखट होतो, पण तर्री येत नाही. वाटण मिक्सरमध्ये पाण्यासह फार बारीक फिरवले असेल आणि नंतर तेल सुटेपर्यंत परतले नसेल, तर असलेले तेलही त्या दाट वाटणात अडकून राहते आणि वर येत नाही.

आठवड्याच्या दिवशी यावर सोपा उपाय म्हणजे वरून फोडणी देणे. छोट्या कढल्यात दोन मोठे चमचे तेल तापवावे, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग त्यात दोन लहान चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचे तिखट घालावे. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातले गाव आहे आणि तिथल्या मिरचीला रंग भरपूर व तिखटपणा बेताचा असतो. तेल फार गरम असताना तिखट घातले तर ते क्षणात काळे पडते आणि कडू होते. त्याचा ठसका आला की ती फोडणी टाकून देऊन दुसरी करावी, कारण ती रश्श्यावर ओतून सगळे वाया घालवण्यापेक्षा दोन चमचे तेल गेलेले बरे. संकेश्वरीसारखी झणझणीत मिरची हवी असेल तर ती वाटणाबरोबर परतावी आणि रंगासाठी ब्याडगी वरून द्यावी.

मसालेभाताचा गिचका होतो किंवा तांदळात कणी राहते

या दोन्ही तक्रारी एकाच भातात एकत्र दिसतात आणि त्यामुळे माणूस गोंधळतो. पुढच्या वेळी पाणी कमी करावे की जास्त, हेच ठरत नाही.

आधी तांदूळ पाहावा. इंद्रायणी आणि आंबेमोहर हे सुवासिक तांदूळ आहेत, पण त्यांचा भात मुळातच मऊ व चिकटसर होतो. त्यांच्या मसालेभाताला एक वेगळी गोडी असते आणि ज्यांना तो आवडतो त्यांनी तोच करावा, परंतु मोकळ्या भाताची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. दाणा सुटा हवा असेल तर जुना कोलम घ्यावा. नवा तांदूळ पाणी कमी ओढतो आणि लवकर चिकट होतो, म्हणून पोत्यावरचे ‘जुना’ हे विशेषण केवळ विक्रीचे नसते.

पाण्याचे प्रमाण कुकरमध्ये आणि पातेल्यात वेगळे असते, कारण पातेल्यातून वाफ बरीच निघून जाते. जुन्या कोलमच्या एका वाटीला कुकरमध्ये दोन वाट्या आणि झाकलेल्या पातेल्यात अडीच वाट्या पाणी हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. त्यातून भाज्यांचे पाणी वजा करायचे असते, आणि बहुतेक गिचके इथेच होतात. वांगी, टोमॅटो आणि गोठवलेले मटार भरपूर पाणी सोडतात, म्हणून या भाज्या वाटीभर असतील तर पाव वाटी पाणी कमी घालावे. तोंडलीचे तसे नाही. तोंडली शिजायला वेळ घेतात, म्हणून त्यांचे उभे चार तुकडे करून ती फोडणीत आधी तीन-चार मिनिटे परतावीत आणि मटार अगदी शेवटी घालावेत.

घरात शिरल्याबरोबर, हातपाय धुतले की पहिले काम तांदूळ धुऊन रोळीत निथळत ठेवण्याचे करावे. वीस मिनिटांत दाण्याला ओल आत शिरते आणि वरचे पाणी निघून जाते, त्यामुळे फोडणीत परतताना दाणा तुटत नाही आणि नंतर आत कणी राहत नाही. या वीस मिनिटांसाठी आपल्याला काहीही करावे लागत नाही, फक्त आठवण ठेवावी लागते. फोडणीत तांदूळ हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे परतून गोडा मसाला घालावा आणि लगेच आधणाचे पाणी घालावे. गोडा मसाला आधीच भाजलेला असतो, त्यात दगडफूल, तीळ, खोबरे असते, आणि तेलात तो अर्धा मिनिट जास्त राहिला तरी करपतो. पाणी थंड घातले तर ते उकळेपर्यंत तांदूळ कोमट पाण्यात बसून राहतो, बाहेरून मऊ होतो आणि आतून कच्चा राहतो. गिचका आणि कणी एकाच भातात दिसण्याचे हेच प्रमुख कारण आहे.

दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करावा आणि कुकरला हात लावू नये. शिट्टी उचलून वाफ सोडणे किंवा झाकणावर गार पाणी ओतणे हे डाळीला चालते, भाताला चालत नाही, कारण वाफ जिरताना भाताच्या वरच्या आणि खालच्या थरांतली ओल सारखी होत असते. दहा मिनिटांनी झाकण उघडून एक मोठा चमचा तूप सोडावे आणि उलथण्याने कडेकडेने भात मोकळा करावा, मधून ढवळू नये. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर, सोबत पापड आणि काकडीची कोशिंबीर, एवढे असले की ते जेवण पूर्ण झाले असे मी मानतो. आणखी एक भाजी आणि एक आमटी करण्याच्या नादात या दहा मिनिटांची शांतता घालवू नये.

कुकरची शिट्टी होत नाही आणि तळ करपतो

कुकरमधली वाफ वातावरणाच्या दुप्पट दाबाला पोहोचते आणि त्यामुळे आतले तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. याच कारणाने पदार्थ लवकर शिजतो. ही वाफ पातळ पाण्यापासून तयार होते, दाट वाटणापासून होत नाही. भरली वांगी किंवा छोले कुकरमध्ये करताना दाण्याचे कूट, खोबरे आणि गूळ असलेला मसाला तळाशी बसतो, त्यावर पाणी तरंगते, आणि शिट्टी होण्याआधीच तळ जळू लागतो. जळका वास आला की आच वाढवून शिट्टीची वाट पाहू नये, तर गॅस बंद करावा.

भरल्या वांग्यांसाठी मी पुढील क्रम सुचवतो. छोटी काटेरी वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे ती काळी पडत नाहीत. सारणात कूट, तीळ, खोबरे, गोडा मसाला, तिखट आणि मीठ घालावे, मात्र गूळ आणि चिंच त्यात मुळीच घालू नये. गूळ तळाला लागतो आणि चिंचेच्या आंबटपणामुळे वांगी शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये फोडणी करून वांगी घालावीत आणि ती सर्व बाजूंनी चार मिनिटे परतावीत. मग वाटीभर आधणाचे पाणी घालून उलथण्याने तळ एकदा नीट खरवडावा, पाण्याला खळखळून उकळी आली की झाकण लावावे आणि मध्यम आचेवर एकच शिट्टी करावी. वाफ जिरल्यावर झाकण काढून चिंचेचा कोळ, गूळ आणि उरलेले सारण घालून तीन मिनिटे उकळावे. या पद्धतीने वांगी देठापर्यंत शिजतात आणि फुटत नाहीत.

तळाशी काहीही लागलेले नसताना शिट्टी होत नसेल तर दोष कुकरचा आहे. आधी झाकण दिव्यासमोर धरून वाफ जाण्याच्या नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. डाळीचा फेस वाळून किंवा जिऱ्याचा दाणा अडकून ती नळी अनेकदा बंद झालेली असते, आणि तशा स्थितीत कुकर वापरणे धोक्याचे असते. ती बारीक तारेने साफ करावी. नंतर रिंग पाहावी. ती कडक झाली असेल, तिला चिरा गेल्या असतील किंवा ताणून सैल झाली असेल, तर कडेने वाफ निसटते. सैल रिंग थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवली की त्या दिवसापुरती निभावते, परंतु नवी आणण्याचे काम त्याच आठवड्यात करावे. कुकर कोरडा तापला तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, आणि तो बदलताना त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा घ्यावा. झाकण निघत नसेल तर आत वाफ शिल्लक आहे असे समजून थांबावे. जोर लावून ते कधीही उघडू नये, मग कितीही उशीर झालेला असो.

डाळ शिजता शिजत नाही

डाळ जुनी असेल किंवा पाणी जड असेल तर असे होते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असते आणि त्यामुळे डाळीचा दाणा घट्ट राहतो. अशा भागात डाळ शिजवण्यापुरते आरओ यंत्रातले पिण्याचे पाणी वापरून पाहावे, फरक लगेच कळतो. चिंच, आमसूल आणि टोमॅटो हे सगळे डाळ शिजल्यावरच घालावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ मऊ होते हे खरे आहे, पण त्याने ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चवही साबणासारखी लागू शकते, म्हणून मी तो सुचवत नाही. सकाळी निघताना तूरडाळ धुऊन पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर रात्री तीन शिट्ट्यांत ती लोण्यासारखी होते.

पिठल्यात गुठळ्या होतात आणि भाकरी थापताना मोडते

पिठले-भाकरी हे झटपट जेवण आहे आणि लसणाची खमंग फोडणी, ठेचा व कच्चा कांदा सोबत असेल तर ते कोणत्याही पाहुण्यापुढे अभिमानाने ठेवावे. उकळत्या पाण्यात कोरडे बेसन पेरण्याची जुनी पद्धत उत्तम आहे, पण तिला सवयीचा हात लागतो. घाईच्या दिवशी एका वाटी बेसनात तीन वाट्या गार पाणी थोडे थोडे घालत आधी गुळगुळीत कालवावे आणि तेच फोडणीवर ओतून सतत हलवावे. गरम पाण्यात कालवले तर प्रत्येक गुठळीचा बाहेरचा थर शिजतो आणि आत कोरडे पीठ अडकते. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ काढावी, नाहीतर बेसनाचा कच्चा वास राहतो.

भाकरी मोडते याचे कारण बहुधा पीठ जुने असते आणि त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला धरून ठेवण्याचे काम गरम पाण्याने फुगलेल्या स्टार्चलाच करावे लागते. पीठ नवे असेल तर कढत पाण्यात मळणे पुरते. विरी गेलेल्या पिठाची उकड काढावी. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणावी, त्यात वाटीभर पीठ टाकून गॅस बंद करावा, उलथण्याच्या दांड्याने ढवळून दहा मिनिटे झाकावे आणि मग हाताला सोसेल तितके गरम असतानाच मळावे. अशी भाकरी नवशिक्यालाही थापता येते, आणि लाटायची असेल तर लाटताही येते.

कोळंबी आणि मासे चिवट होतात

कोळंबीला तीन-चार मिनिटे पुरतात. ती वळून तिचा रंग गुलाबी-केशरी झाला की शिजली, आणि पुढची प्रत्येक मिनिट तिला चिवट करते. म्हणून कालवण आधी पूर्ण उकळून, त्यात आमसूल आणि मीठ घालून, चव पाहून तयार ठेवावे आणि पाने मांडायच्या वेळी कोळंबी सोडावी. ओल्या खोबऱ्याचे कालवण मोठ्या आचेवर खळखळू दिले तर फुटते, त्यामुळे आच मध्यमच ठेवावी. बांगड्याच्या कालवणात चार-पाच तिरफळे ठेचून घातली तर त्याला वेगळा काही मसाला लागत नाही.

सोबत सोलकढी करायची असेल तर कोकमाचे आगळ घरात असावे, कारण आमसुले भिजत घालायला तेव्हा वेळ नसतो. आगळात मीठ असतेच, म्हणून मीठ शेवटी, चव पाहून घालावे. गोड अमृत कोकम हे वेगळे असते, ते यासाठी चालत नाही. नारळाच्या दुधात आगळ, ठेचलेला लसूण, मिरची आणि कोथिंबीर घालून कढी आधीच फ्रीजमध्ये ठेवावी आणि वाढताना एकदा ढवळावी. ती तापवायची नसते.

हे सगळे करूनही उशीर होतो

मग कामांचा क्रम तपासावा. सर्वांत आधी तांदूळ धुऊन निथळत ठेवावे, वाटणाच्या वड्या बाहेर काढाव्यात आणि एका शेगडीवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवावे. ही तीनही कामे पाच मिनिटांत होतात आणि ती घरी पहिला पोहोचणाऱ्याने करावीत, मग तो कोणीही असो. दुसरा माणूस पोहोचेपर्यंत वेळ मागणाऱ्या कामांचा निम्मा भाग आपोआप पार पडलेला असतो. त्यानंतर चिरणे, मग फोडणी, आणि कुकरची वाफ जिरत असताना कोशिंबीर व ताटे. कोशिंबिरीत मीठ मात्र वाढतानाच घालावे, नाहीतर तिला पाणी सुटते.

एका संध्याकाळी एकच मुख्य पदार्थ निवडावा. तांबडा-पांढरा रस्सा, पुरणपोळी आणि निनावे हे पदार्थ आठवड्याच्या दिवसांसाठी नाहीत, आणि ते कितीही तयारीने तासाभरात बसत नाहीत. त्यांना रविवारच ठेवावा.

भात उरला तर तो कुकरमध्ये रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात आणि कोमट भातात वाढून विष सोडतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवणे होताच भात पसरट डब्यात काढावा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी डब्यासाठी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावा.